आवाजाचं पथ्य

रबराचं उकडलेलं अंडं फरशीवर पडलं तर फुटत नाही, उड्या मारतं. आणि तिसऱ्या उडीनंतर ते कुठे जाईल याचा नेम नसतो. त्या सकाळी इस्पितळाच्या जिन्यावर असं एक अंडं एका उंच तरुणाच्या बुटावर आदळलं आणि तिथून थेट औषधांच्या गाडीखाली गेलं. त्याच्या मागोमाग प्लास्टिकचा वाटीभर भात, दोन केळी, एक मासा आणि लोण्याचा तुकडा असं सगळं पायऱ्यांवरून घरंगळलं. तरुण हातातली फाईल वाचत वर येत होता, पेशंटना जेवणाचं माप दाखवायचे हे नमुने तबकात घेऊन एक तरुणी खाली उतरत होती, आणि दोघांपैकी एकाचंही समोर लक्ष नव्हतं.

"डोळे कुठे ठेवलेत हो?" ती म्हणाली.

तरुणाने तोंड उघडलं, काहीतरी आठवलं, आणि पटकन मिटून घेतलं.

"अहो, चुकलं म्हणा, सॉरी म्हणा... काहीतरी म्हणा. अगदीच मूग गिळून काय बसलात?"

त्याने घशाकडे बोट दाखवलं, खिशातून छोटं पॅड काढलं आणि लिहिलं – 'बोलायला डॉक्टरांची बंदी आहे. पण चूक माझीच.'

तिने वाचलं. कपाळावरची आठी मोडली. "बरं... मग न बोलता तो मासा उचला."

त्याने मासा उचलला, केळी उचलली, लोणी उचललं. अंड्यासाठी मात्र त्याला गाडीखाली पालथं पडावं लागलं. ते हातात घेऊन तो बाहेर आला तेव्हा शर्टाला धूळ, केसाला जळमट, आणि चेहऱ्यावर असा आनंद की ती खळखळून हसली. तिचा पुढचा एक दात किंचित तिरका होता. तेवढा दिसला आणि त्या माणसाचं तिथल्या तिथे कल्याण झालं.

या माणसाला घरात भोंगा म्हणत. मोठ्या बहिणीने तो तीन वर्षांचा असताना हे नाव ठेवलं होतं, आणि पुढे त्याने त्या नावावरच पोट भरलं. स्टुडिओत काचेमागे बसून दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, हा त्याचा धंदा. जाहिराती, माहितीपट, विमानतळावरच्या सूचना, सगळं. आणि गेली दोन वर्षं, एका मिनिटाचे आरोग्याचे व्हिडिओ. त्यात माणूस दिसत नसे. पडद्यावर फळं-भाज्या फिरत, आणि मागून तो खोल, उबदार, घरच्यासारखा आवाज सांगे की काय खा आणि काय सोडा. लोकांनी त्या आवाजाला 'दादा' करून टाकलं. दादा म्हणाला की लोक साखर सोडत, दादा म्हणाला की भात सोडत.

'दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण भोंग्याला लागू नव्हती, तेवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. तो स्वतःच्याच आवाजाला फसला. 'सकाळी उपाशीपोटी लिंबू आणि व्हिनेगर' हा व्हिडिओ त्याने इतक्या मनापासून वाचला की दुसऱ्या दिवसापासून स्वतःच घ्यायला लागला. नंतर सोळा तास उपाशी राहायला लागला. आठ महिन्यांनी त्याचा घसा बसला तो बसलाच. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली आणि सांगितलं की पोटातलं आम्ल वर येऊन स्वरतंतू सुजलेत. पंधरा दिवस तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंही नाही. आणि वर जाऊन खा-मॅडमना भेटायचं, त्या खाणं मार्गाला लावतील.

खा-मॅडम म्हणजे इस्पितळातली आहारतज्ज्ञ. पेशंट तिच्याकडे येताना मनाशी ठरवून येत की आता बाई काहीतरी सोडायला लावणार, आणि ही दर वेळी म्हणे, 'हे खा.' म्हणून ते नाव पडलं. भोंगा तिच्या खोलीबाहेर दहा मिनिटं बसला, मग दार उघडलं, आणि टेबलावर रबरी अंडं, मासा, केळी ओळीत मांडत ती म्हणाली, "अच्छा. म्हणजे तुम्ही माझेच का?"

भोंग्याने पॅडवर काही लिहिलं नाही. पण त्याला त्या वाक्याला हरकत नव्हती.

"सकाळी उठल्यावर काय घेता?"

'कोमट पाणी, लिंबू, दोन चमचे व्हिनेगर.'

"किती दिवस?"

'आठ महिने.'

"त्यावर?"

'काळी कॉफी. मग दुपारपर्यंत काही नाही. सोळा तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःची झाडलोट स्वतः करतं.'

तिने ते वाचलं, पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकली. "हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. 'झाडलोट' हा शब्दसुद्धा. दादा ना?"

भोंग्याने मान हलवली. ती होकारार्थी होती की कसं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"रोज दहा पेशंट येतात, त्यातले आठ त्याचं नाव घेऊन. मी चार वर्षं शिकले, सहा वर्षं काम करतेय, आणि माझ्यासमोर बसून माणसं म्हणतात, पण दादा तर वेगळंच सांगतो. पी हळद आणि हो गोरी! आणि गंमत म्हणजे दर वेळी ते सगळं खोटं नसतंही. कुणासाठी तरी खरं असतं. पण हा सगळ्यांना एकच माप लावतो." तिने हाताने हवा झटकली. "तो माणूस मला एकदा भेटायला हवा. एकदाच."

'काय कराल?' भोंग्याने विचारलं.

"मारणार नाही. समोर बसवीन आणि त्याने लोकांना सांगितलेलं सगळं त्यालाच खायला-प्यायला लावीन."

'ते झालंय असं समजा,' असं भोंग्याने लिहिलं आणि तिने मान वर करण्याआधी खोडून टाकलं. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"आवाज मात्र चांगला आहे मेल्याचा," ती कागदावर त्याचं जेवण लिहिता लिहिता म्हणाली. "त्याचाच जास्त राग येतो."

तिने त्याला काही सोडायला लावलं नाही, लिंबू-व्हिनेगर तेवढं बंद केलं. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. सकाळी पोटात काहीतरी जाऊ द्या. झोपायच्या तीन तास आधी जेवा, उशाकडची बाजू उंच करा. आणि रोज काय खाल्लं ते लिहून, दर तीन दिवसांनी आणून दाखवा.

भोंगा दुसऱ्याच दिवशी हजर झाला.

"तीन दिवसांनी म्हटलं होतं मी."

'मला वाटलं, रोज तीनदा.'

"वाचता येत नाही की मोजता येत नाही?"

'दोन्ही येतं. राहवत नाही.'

तिने कागद परत दिला, पण देताना थोडा वेळ लावला. कानामागे केसांची बट सारली, जी आधीच नीट होती. "बसा बाहेर. मधल्या सुट्टीत बघते तुमचं लेखन."

मधल्या सुट्टीला कँटीनच्या खिडकीशी दोघं बसू लागली. बाहेर पाऊस येई आणि जाई, काचेवरून ओघळ उतरत, आणि ती सूप चमच्याने ढवळत बोलत असे. तिला बोलायला आवडे. भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचं वाक्य पूर्ण ऐकावं लागत होतं, आणि त्याला त्यात चव सापडली. ती सांगे की तिच्या आईने एका उन्हाळ्यात फक्त टरबूज खाऊन वजन उतरवायचं मनावर घेतलं होतं आणि शेवटी सलाईन लावावं लागलं होतं. तेव्हा ही बारावीत होती. त्या पलंगाशेजारी बसून तिने ठरवलं की आपण जेवण शिकायचं.

'आई आता काय खाते?'

"माझं डोकं." ती हसली. "लग्नाचं वय झालं म्हणते."

'झालंय का?'

"सूप गार होतंय तुमचं."

त्याने सूप प्यायलं. मग लिहिलं – 'उत्तर मिळालं नाही.'

"तुमच्यासारखा पेशंट मला पहिल्यांदाच मिळालाय," ती म्हणाली. "उलट बोलत नाही, दादाचं नाव घेत नाही, सांगितलं तेवढं खातो. तुमचा आवाज परत आला तर तोटाच होईल... नाही? कसा आहे हो तुमचा आवाज?"

भोंग्याने पेन कागदाला टेकवलं. एक शब्द लिहून खोडला. 'साधाच आहे,' असं त्याने शेवटी लिहिलं.

घरी बहीण त्याची फिरकी घेत होती. "भोंगा बंद झाल्यापासून घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागलीय," ती नवऱ्याला म्हणे, आणि भावोजी वर्तमानपत्रामागून म्हणत, "काही दिवस ऐकून घेऊ." पण भाऊ पॅडकडे बघून एकटाच हसतो हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"कोण आहे?"

'आहारतज्ज्ञ.'

"म्हणजे तुला शिव्या घालत असेल ती. सांगितलंस का, तू कोण ते?"

'नाही.'

"का? घसा बसलाय, हात तर शाबूत आहेत ना तुझे?"

तिचं बरोबर होतं. त्याने एकदा लिहिलंही होतं – 'तो दादा मीच' – पण तिचा तिरका दात दिसेल असं हसू समोर असताना तो कागद पुढे सरकवणं त्याच्याने झालं नाही. त्याने तो फाडला आणि खिशात ठेवला. जगाला ठासून सांगणारा माणूस तीन शब्दांना घाबरला, आणि घाबरला ते बरोबरच होतं, कारण त्याला ती हवी होती.

आठव्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. हातापायाच्या काड्या झालेल्या, ब्लाऊजची बाही दंडावर ढगळ, पण पाठ ताठ. मांडीवर दोनशे पानी वही. भोंगा बोलत नाही म्हटल्यावर त्यांना तो फारच शहाणा मुलगा वाटला.

"ही बघ," त्यांनी वही उघडली. "दादाचे सगळे व्हिडिओ उतरवलेत. तारखेसकट. एकूण चौऱ्याहत्तर. मी विद्यार्थ्यांना सांगायची, अर्धं ऐकू नका, पूर्ण ऐका. मग मी अर्धं कसं ऐकणार? मी सगळं पाळते."

अक्षर मोत्यासारखं होतं. साखर बंद. फळांत साखर असते, म्हणून फळं बंद. भात बंद. ब्रेड बंद. दूध बंद. तेल बंद. अंड्यातलं पिवळं बंद. रात्रीचं जेवण बंद. मीठ शक्य तितकं बंद. भोंगा पानामागून पान उलटत गेला. प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडून निघालेलं होतं, आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या माणसासाठी होतं. कुणी मधुमेहाचा, कुणी रक्तदाबाचा, कुणी नुसताच जाड. या बाईंना यातलं काहीच नव्हतं. चौऱ्याहत्तर नियम एकत्र पाळल्यावर त्यांच्या ताटात काकडी आणि उकळलेलं पाणी उरलं होतं.

"एकटी असते ना मी," बाई म्हणाल्या. "सकाळी त्याचा आवाज लावला की घरात कुणीतरी आहेसं वाटतं. इतका जीव लावून सांगतो, मग ऐकायला नको?"

भोंग्याला त्या क्षणी स्टुडिओ आठवला. लिहिणारी मुलगी प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एक ओळ घालायची – 'हा सल्ला अमुक त्रास असलेल्यांसाठी आहे, बाकीच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.' ती ओळ कापायला मालकाने सांगितलं नव्हतं. भोंग्यानेच सांगितलं होतं. एका मिनिटात बसत नाही, आणि शेवटाला 'विचारावं' आलं की आवाज पडतो, असं तो म्हणाला होता. आवाज ठाम संपला पाहिजे, हा त्याच्या धंद्यातला नियम. त्याच्या कानाला खटकलं म्हणून ती ओळ सगळ्या व्हिडिओंतून गेली होती. आता त्या ओळीच्या जागी ही चौतीस किलोची बाई बसली होती.

त्या दिवशी कँटीनमध्ये त्याने काही लिहिलं नाही. खा-मॅडमने दोनदा विचारलं, मग सूप त्याच्यापुढे सरकवलं. निघताना तिने त्याच्या बाहीवर क्षणभर हात ठेवला. "काय असेल ते... सांगावंसं वाटलं की सांगा. मी आहे."

तेराव्या दिवशी घशाच्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि पाठ थोपटली. "झकास. सूज गेली. आता बोला, फक्त ओरडू नका."

"थँक यू," भोंगा म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. पण एक जिना चढून तो खा-मॅडमच्या मजल्यावर आला, आणि पॅड खिशातून काढून हातात धरलं. आणखी दोन दिवस, एवढंच त्याने मनाला सांगितलं. आतापर्यंत तो गप्प होता तो डॉक्टरांच्या हुकमाने. आता जे चाललं होतं त्याला सरळ शब्दांत लबाडी म्हणतात, आणि ते त्याला कळत होतं.

खोलीचं दार उघडं होतं. आत म्हाताऱ्या बाई खुर्चीत, समोर खा-मॅडम गुडघ्यांवर बसलेली, हातात सोललेलं केळं. रबरी नव्हे, खरं.

"बाई, वजन आणखी दीड किलोने उतरलंय. काल तुम्ही न्हाणीघरात पडलात. आज नाही खाल्लंत तर मोठे डॉक्टर उद्या दाखल करून नळी घालणार. एक घास. माझ्यासाठी."

"तू गुणी मुलगी आहेस गं. पण तू एक सांगतेस, तो एक सांगतो. मी कुणाचं धरू? तो कधी चाचरत नाही. तू मात्र दर वेळी म्हणतेस, बघू, तब्येतीप्रमाणे ठरवू."

खा-मॅडमने मान खाली घातली. तिचे खांदे भोंग्याने असे पडलेले कधी पाहिले नव्हते. तेरा दिवसांत जिला त्याने कुणापुढे हार मानताना पाहिलं नव्हतं, ती एका केळ्यापुढे थकली होती. आणि थकवणारा तो होता.

त्याने पॅड बाकावर ठेवलं आणि आत गेला.

"बाई," तो म्हणाला. "ते केळं खा."

खा-मॅडमने वळून पाहिलं. आधी तिचा चेहरा उजळला, की याचा आवाज आला... मग तो आवाज तिच्या कानात पुरता पोचला, आणि उजेड हळूहळू मावळत गेला.

बाईंनी चष्मा वर केला. "तू तर मुका होतास."

"नव्हतो. मी दादा आहे. तुमच्या वहीतला."

"काहीतरीच. दादा कशाला इस्पितळात येईल? तो तर ठणठणीत असेल."

भोंग्याने श्वास घेतला आणि प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला, चौऱ्याहत्तर वेळा म्हटलेलं वाक्य पंच्याहत्तराव्यांदा म्हटलं, त्याच आवाजात, त्याच ठेक्यात. "थांबा. हा घास तोंडात घालण्याआधी माझं एक मिनिट ऐका."

बाहेर केसपेपर काढणारा कारकून लिहिता लिहिता थांबला. रांगेतल्या दोघींनी आत डोकावलं. बाईंनी वही छातीशी धरली.

"आज वेगळं ऐका," तो म्हणाला. आता ठेका नव्हता. "प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एक ओळ होती, की हे सगळ्यांसाठी नाही. मी ती काढायला लावली. ऐकायला बरी वाटत नव्हती म्हणून. तुम्ही पूर्ण ऐकलंत, बाई, मीच अर्धं सांगितलं. ते लिंबू-व्हिनेगर मी स्वतः घेत होतो, त्यानेच माझा आवाज गेला. या मॅडमनी तो परत आणला, खायला घालून. आणि त्या 'तब्येतीप्रमाणे' म्हणतात ना, ते त्यांना माहीत नसतं म्हणून नाही. त्या तुमच्याकडे बघून बोलतात म्हणून. मी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी केळं घेतलं, टोकाचा तुकडा मोडला आणि सावकाश चावला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

"चूक कबूल केलीस, ठीक," त्या शेवटी म्हणाल्या. चाळीस वर्षांची शिक्षिका जागी झाली होती. "पण चौऱ्याहत्तर चुका आहेत. चौऱ्याहत्तर वेळा दुरुस्त करून आण. मी तपासणार."

"आणतो, बाई."

खा-मॅडम उठली. "तुमचा आवाज कधी आला?"

"आज सकाळी."

"आणि हात कधी गेले होते?"

त्याने हात खिशात घातले.

"तेरा दिवस," ती म्हणाली. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "तेरा दिवस मी तुमच्यासमोर बसून तुमच्याबद्दल बोलले, आणि तुम्ही सूप प्यायलात. पुढच्या पेशंटला पाठवा जाताना."

त्यानंतर गप्प बसायची पाळी तिची होती. भोंगा रोज येई, बाकावर बसे, आणि ती त्याच्या अंगावरून दुसऱ्यांना हाका मारी. स्टुडिओच्या मालकाला त्याने दुरुस्तीचं विचारलं तर मालक हसला आणि म्हणाला, "गाजलेला आवाज स्वतःच्याच पायावर धोंडा मारतो का?" भोंग्याने ती नोकरी सोडली आणि बहिणीच्या कपड्यांच्या कपाटात, कोटांच्या मधे उभं राहून, मोबाईलवर पहिली दुरुस्ती रेकॉर्ड केली. पूर्वी लाखो लोक ऐकत, हे हजार-बाराशेंनी ऐकलं, आणि त्यातल्या निम्म्यांनी खाली लिहिलं की हा दादा नकली आहे. म्हाताऱ्या बाईंनी मात्र पहिल्या दुरुस्तीला दहापैकी सहा गुण दिले. 'माहिती अपुरी,' असा शेरा होता.

तो शेरा घेऊन तो सहाव्या दिवशी खा-मॅडमच्या दारात उभा राहिला.

"मला माहिती अपुरी पडतेय. मी फक्त वाचू शकतो, कळत मला काही नाही. तुम्ही तपासून द्याल? माझ्यासाठी नको. बाईंसाठी."

तिने कागद घेतला. लाल पेनने पहिली ओळ खोडली, दुसरी खोडली, तिसरीवर थांबली. "बसा," ती म्हणाली. "आणि हे 'कधीच' काढा. 'कधीच' आणि 'नेहमी' हे दोन शब्द जेवणात चालत नाहीत."

अशा त्यांच्या संध्याकाळी सुरू झाल्या. तपासणीची वेळ संपली की ती दुरुस्त्या सांगे, तो लिही आणि वाचून दाखवी. ती फक्त कामाचं बोले. पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मुद्दाम एक चूक तशीच ठेवली, आणि ती पकडताना तिला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं. तिसऱ्या आठवड्यात बाई अडतीस किलोच्या झाल्या आणि जिना स्वतः चढून आल्या. त्या दिवशी खा-मॅडमने दोन सूप मागवली.

अठ्ठाविसावी दुरुस्ती संपली त्या संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता. इस्पितळाच्या पायऱ्यांवर, छपराच्या कडेला दोघं थांबली. छत्री एकच होती, तिची, आणि ती अजून मिटलेली होती.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"माझा राग येतो अजून?"

"त्या आवाजाचा येतो. खरं सांगते. कँटीनमध्ये तुम्ही लिहायचात ना, तेव्हा मला वाटायचं, हा माणूस बोलायला लागला की मी याला हो म्हणणार. मनाशी ठरवून टाकलं होतं मी. आणि तुम्ही बोललात तर दादा निघाला." तिने पावसाकडे पाहिलं. "दादा काही बोलला की मला वाटतं, हे खरं कशावरून? इतकं छान बोलतोय, म्हणजे नक्की काहीतरी गाळलं असेल."

भोंग्याने बोलायला तोंड उघडलं. धंद्यातली सगळी वाक्यं त्याला येत होती, चंद्राची, ताऱ्यांची, जन्मोजन्मीची. दागिन्यांच्या जाहिरातीत त्याने ती शंभरदा म्हटली होती. त्यातलं एकही जिभेवर आलं नाही.

"मला... म्हणजे, तुम्ही मला..." तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, आणि आवाज भलताच बारीक निघाला, मधेच चिरकला. "मी तुम्हाला लिहून सांगणार होतो. फाडलं. घाबरलो. तुम्ही हसायचं थांबाल म्हणून. मला तुम्ही आवडता. जिन्यावरच आवडलात. तुम्ही नाही म्हणालात तरी उरलेल्या सेहेचाळीस मी करणारच आहे, म्हणजे तसं काही नाही की... मला नीट सांगता येत नाहीये."

पावसाचा शिंतोडा तिच्या गालावर आला होता, तो तिने तसाच राहू दिला.

"हा आवाज मी कधी ऐकला नव्हता," ती म्हणाली.

"हा कुठे लावलाच नाही आजवर. कुणी घेतला नसता."

"मी घेते," ती म्हणाली आणि छत्री उघडली. "याच्यावर माझा राग नाही. उलट... प्रेम आहे, असं धरून चाला. या आत, भिजाल. घसा नाजूक आहे तुमचा."

दोघं पायऱ्या उतरली. छत्री लहान होती, त्याचा डावा खांदा आणि तिचा उजवा खांदा भिजत होता, आणि बसच्या थांब्यापर्यंत तो काहीतरी अडखळत, चुकत बोलत राहिला. तिने एकदाही दुरुस्त केलं नाही.